प्रतिसृष्टीचा कर्ता : ओलाफ स्टेपलडन

विश्वामित्राने प्रतिसृष्टी निर्मिली, ही कथा आपण बाळपणीच ऐकतो. तसलाच उद्योग लेखणीने करणारा ओलाफ स्टेपलडन इ. स. १८८६ मध्ये इंग्लंडात जन्मला. पहिल्या महायुद्धात त्याने शस्त्र धरले नाही, तथापि तो घरीही बसला नाही; क्वेकरपंथीयांच्या रुग्णवाहिका-पथकात राहून फ्रान्स व बेल्जियम येथे त्याने घायाळांची ने-आण केली. पुढे १९२५ साली लिव्हरपूल विद्यापीठाने त्यास तत्त्वज्ञानातील डॉक्टरची पदवी दिली.

१९३० साली त्याचा ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’ हा ग्रंथ निघाला. आपल्या वेरूळचे कैलास लेणे आपणांस केवढे पुरातन वाटते! येथे तर पुढील दोन अब्ज वर्षांत मनुष्याच्या अठरा जाती होऊन जातात. चंद्र पृथ्वीवर कोसळणार असे दिसताच पाचवी जात शुक्रावर वसाहत करावयास निघते व विजेच्या योगाने तेथील समुद्रजलाचे विघटन करून प्राणवायू सिद्ध करते. परंतु त्या समुद्रांत बुद्धिमान जीव आधीच नांदत होते. त्यांचा तिने समूळ संहार केला, आणि त्या कृत्याने तिचे मन दुभंगून गेले. रणभूमीवरील घायाळ वाहणाऱ्याने हे प्रकरण लिहावे, यात आम्हांस नवल वाटत नाही. शेवटल्या जाती नेपच्यूनवर नांदल्या.

१९४८ साली ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने त्यास व्याख्यानास पाचारण केले. १९५० च्या सप्टेंबरात तो वारला.