उसाच्या वेढ्यातील गाव आणि एमिलियानो झपाटा

मेक्सिको शहराच्या दक्षिणेला मोरेलोस नावाचे छोटेसे राज्य आहे. तेथील आनेनेकुइल्को या खेड्यात सप्टेंबर १९०९ मध्ये गावसभा भरली. वयोवृद्ध पंचांनी अधिकारपद सोडले आणि गावाने एमिलियानो झपाटा या तीस वर्षांच्या शेतकऱ्याला प्रमुख निवडले. पदाबरोबर त्याच्या हाती आला तो जुन्या कागदपत्रांचा गठ्ठा. गावाची जमीन, पाणी आणि कुरणे यांवरील हक्काचे स्पॅनिश अमलापासूनचे दाखले त्यात होते. गावचा चिटणीस फ्रान्सिस्को फ्रांको याच्यासह झपाटाने कित्येक दिवस ते कागद वाचून काढले. काही मजकूर नावात्ल या तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेत होता; तो लावून घेण्यासाठी त्या भाषेचा जाणकार शोधावा लागला. पुढे जगभर गाजलेल्या या क्रांतिकारकाच्या आयुष्याचा उलगडा त्या गठ्ठ्याखेरीज होत नाही.

झपाटाचा जन्म ८ ऑगस्ट १८७९ चा. घरची थोडी जमीन, काही जनावरे; घोड्यांची पारख तर अशी की बडे जमीनदारही त्याला बोलावीत. तो स्वतः मिश्र वंशाचा होता आणि गावात एव्हाना स्पॅनिश रुळली होती. पण गाव मात्र नाहुआ लोकांचे, स्पॅनिश येण्यापूर्वीपासून तेथे नांदणारे.

या गावांना वेढा पडला तो उसाचा. १८५६ च्या कायद्याने गावांच्या सामाईक मालकीचा पायाच काढून घेतला. १८८१ मध्ये कुआउत्लापर्यंत रेल्वे आली, पाठोपाठ साखरेची नवी यंत्रे आली आणि त्या यंत्रांना पुरेल एवढ्या उसासाठी ‘हासिएन्दा’ म्हणजे बड्या जमीनदारांच्या वसाहती गावांच्या शिवारांवर सरकू लागल्या. उसाला पाणी किती लागते हे मराठी वाचकाला सांगावयास नको. ओढे वळवले गेले, गायराने कुंपणात गेली. मका, घेवडा आणि मिरची पिकवणारा शेतकरी आपल्याच जमिनीचा खंडकरी झाला आणि पुढे हंगामी मजूर. तेकेस्कितेंगो या गावाची कथा तर अंगावर काटा आणणारी आहे. जमीनदाराने उसाच्या पाटाचे पाणी तळ्यात सोडले आणि अख्खे गाव बुडाले. १९१० च्या सुमारास अवघे १७ मालक राज्याच्या पाव भागाहून अधिक भूमीचे, आणि जवळजवळ सर्व सुपीक जमिनीचे, धनी होते.

आनेनेकुइल्कोचा झगडा ‘ओस्पिताल’ नावाच्या वसाहतीशी होता. पेरणी करायची तर ती कुंडीत करावी, असे तिच्या व्यवस्थापकाने गावकऱ्यांना सुनावल्याचे सांगितले जाते. अर्ज-विनंत्या निष्फळ ठरल्यावर १९१० मध्ये झपाटा सुमारे ८० सशस्त्र माणसांसह वादग्रस्त शेतात उतरला. वसाहतीने तेथे आणलेले कुळवाडी न लढताच निघून गेले आणि गावाने पेरणी केली. मेक्सिकोची राज्यक्रांती अद्याप पेटायची होती.

क्रांतीतील लढायांचा तपशील येथे नको. हुकूमशहा पोर्फिरियो दिआझ १९११ मध्ये गेला, पण नवा नेता मादेरो जमिनीच्या प्रश्नावर थांबा असेच सांगत राहिला. तेव्हा २८ नोव्हेंबर १९११ रोजी झपाटाने आयाला योजना जाहीर केली. ज्या गावांकडे दाखले आहेत त्यांनी बळकावलेली जमीन तात्काळ ताब्यात घ्यावी, हे तिचे मर्म. गेलेले परत हवे होते. सरकारी फौजांनी गावे जाळून त्यास उत्तर दिले.

१९१५ हे त्याच्या आयुष्यातील खरे वर्ष. राजधानीवरील सत्तास्पर्धेत इतर सेनानी गुंतलेले असताना मोरेलोसमध्ये तरुण कृषितज्ज्ञ साखळ्या घेऊन शिवारे मोजत होते. हद्द सरळ रेषेत आखण्याऐवजी गाव दाखवील त्या वाकड्यातिकड्या दगडी बांधाने जाऊ द्यावी, असा झपाटाचा दंडक होता. साखर कारखाने जप्त करून पुन्हा सुरू करण्यात आले. मळी आणि साखर विकून सैन्याचा व विधवांचा खर्च भागवायचा होता. पण शेतकरी ऊस लावीनात. केवळ भाजीपाला पिकवून दारिद्र्य फिटणार नाही, ऊसही लावा, असे खुद्द झपाटा समजावीत असे. लोकांनी मका आणि घेवडा पेरला, कोंबड्या पाळल्या. यात अर्थशास्त्र कच्चे असेल. पण ज्या पिकाने गावे गिळली ते पुन्हा दाराशी आणायचे नाही, हा निर्णय त्यांचा होता, आणि झपाटाने तो बंदुकीच्या जोरावर बदलला नाही. हे त्याचे मोठेपण लढाईतील शौर्यापेक्षा अधिक मोलाचे वाटते.

१९१६ मध्ये कारान्साच्या फौजांनी हा प्रयोग मोडून काढला. झपाटा डोंगरांत गेला; १९१८ मध्ये त्याने नावात्ल भाषेतही जाहीरनामे काढले. १० एप्रिल १९१९ रोजी, फितूर होऊन येत असल्याची बतावणी करणाऱ्या कर्नल ग्वाहार्दोच्या भेटीस तो चिनामेकाच्या वसाहतीत गेला. मानवंदनेसाठी उभ्या पथकाने बिगुलाच्या सुरावर त्याच्यावरच गोळ्या झाडल्या. ते ठिकाणही एका साखर मालकाचेच.

पुढे १९३४ ते १९४० या काळात अध्यक्ष कार्देनास यांनी सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टर जमीन गावांना वाटली. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे ज्या चापिंगोच्या कृषिविद्यालयात शिकवीत होते, तेथील भित्तिचित्रात दिएगो रिव्हेराने झपाटाला मक्याच्या शेताखाली चिरनिद्रा घेताना रंगवले आहे. १९९२ मध्ये घटनादुरुस्तीने या सामाईक जमिनींच्या विक्रीची वाट मोकळी झाली, आणि १ जानेवारी १९९४ रोजी चियापासमधील माया शेतकऱ्यांनी झपाटाच्याच नावाने शस्त्र उचलले.

आणि तो कागदांचा गठ्ठा? लढाईपासून दूर राहून तो जपण्याची जबाबदारी झपाटाने फ्रांकोवर टाकली होती. फ्रांकोने ती पाळली. त्या कागदांच्या आधारे इतिहासकार हेसुस सोतेलो इन्क्लान यांनी १९४३ मध्ये गावाचा इतिहास प्रसिद्ध केला. गावाच्या जमिनीचा तंटा तेव्हाही संपलेला नव्हता. १९४७ मध्ये फ्रांकोचीही हत्या झाली.