ज्या शोधाकडे कंपनीने दुर्लक्ष केलं, त्यानेच झर्निकेंना नोबेल मिळवून दिलं
जिवंत पेशी जवळपास पारदर्शक असतात. मायक्रोस्कोपखाली त्या नीट दिसाव्यात म्हणून रंग द्यावा लागायचा आणि त्यात बऱ्याचदा पेशीच मरायची.

हा गुंता सोडवला फ्रिट्स झर्निके यांनी. जन्म १८८८, ॲमस्टरडॅम. ग्रोनिंगेन विद्यापीठात ते भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. पेशीतून जाताना प्रकाशलहर किंचित मागे पडते, पण डोळ्याला ते कळत नाही. झर्निकेंनी तोच फरक उजेड-अंधारात बदलून दाखवला. हेच फेज कॉन्ट्रास्ट.

१९३२ मध्ये ते ही पद्धत घेऊन जर्मनीतल्या झाइस कंपनीकडे गेले. कंपनीने फारसं मनावर घेतलं नाही. पुढे महायुद्धाच्या काळात मात्र जर्मनीतच हे मायक्रोस्कोप तयार झाले.

१९५३ मध्ये झर्निकेंना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. १९६६ मध्ये ते गेले. जिवंत पेशी बघायला लॅबमध्ये आजही त्यांचीच पद्धत वापरतात.