शेतकऱ्यांचा शिष्य झालेला अधिकारी : सर आल्बर्ट हॉवर्ड

इंदूरचे नाव बाहेरगावी निघाले म्हणजे कोणी देवी अहिल्याबाईंचे स्मरण करतो, कोणी उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गाण्याचे, तर कोणी होळकर संघाचे कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचे. परंतु इंग्लंड-अमेरिकेत परसात भाजीपाला लावणाऱ्या मंडळींपैकी पुष्कळांच्या कानी हे नाव प्रथम पडले ते खताच्या ढिगामुळे. पालापाचोळा, शेण, राख आणि माती यांपासून खत करण्याच्या एका विशिष्ट रीतीस तिकडे इंदूर पद्धती असे म्हणतात. हा लौकिक आपल्या गावाला ज्यांनी मिळवून दिला, ते सर आल्बर्ट हॉवर्ड सरकारी शेतकी खात्यातील अधिकारी होते. १९२४ ते १९३१ अशी सात वर्षे त्यांनी इंदुरात काढली.

हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. लंडन व केंब्रिज येथे शास्त्राचे उत्तम शिक्षण घेऊन १८९९ साली ते वेस्ट इंडीज बेटांच्या शेतकी खात्यात रुजू झाले. ऊस, कोको वगैरे पिकांवर बुरशीचे रोग पडत, त्यांची पाहणी करावयाची आणि मळेवाल्यांस उपाय सांगावयाचा, हे त्यांचे काम. बेटाबेटांतून फिरावे, रोगट पाने गोळा करावीत, प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावीत आणि अहवाल लिहावा, असा क्रम चाले. हे काम करता करता तरुण हॉवर्डच्या मनास एक शंका डाचू लागली. ज्या पिकांवरील उपाय आपण लोकांस सांगतो, ती पिके आपण स्वतः कधी काढलेलीच नाहीत. आपण दिलेला सल्ला आपल्याच शेतात अमलात आणून पाहण्याची सोय नाही, कारण आपल्याला शेतच नाही. आम्हा गाण्याच्या लोकांस ही अडचण चटकन उमजते. ज्याने स्वतः पहाटेचा खर्ज भरला नाही, त्याने दुसऱ्याच्या सुराची तपासणी करावी, असा हा प्रकार. पुढील सारे आयुष्य हॉवर्ड यांनी या एका शंकेचे उत्तर शोधण्यात घालविले, असे म्हणण्यास हरकत नाही.

इंग्लंडात केंट परगण्यातील वाय येथे हॉप्सच्या पिकावर थोडे काम करून १९०५ साली ते हिंदुस्थानात आले. लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत बिहारमधील पुसा येथे सरकारने शेतकी संशोधनाची मोठी संस्था उभारावयास घेतली होती. तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. गव्हाच्या सुधारित जाती निपजविणे हे मुख्य काम, आणि ते त्यांनी चोख बजावले. पुसा ४, पुसा १२ हे गहू पुढे लक्षावधी एकरांवर पेरले गेले. परंतु त्यांनी आरंभीच आणखी एक गोष्ट मागून घेतली, ती म्हणजे स्वतः कसण्यासाठी जमीन. सुमारे ७५ एकर जमीन मिळाली आणि साहेब शेतकरी झाले.

नवा शेतकरी शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन पाहतो, तसे त्यांनीही केले. पुशाच्या आसपासच्या गावांतील पिके त्यांना पुष्कळशी निरोगी दिसली. तेथे ना कीटकनाशक औषध, ना फवारणी. मिश्र पिके, डाळींची फेरपालट, गोठ्यातले खत आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव, एवढेच भांडवल. तेव्हा औषधांच्या बाटल्या बाजूस ठेवून आपण याच लोकांस गुरू करावे, असे त्यांनी ठरविले. कीड आणि रोग यांनाही ते शत्रू न मानता शिक्षक मानू लागले. कीड पडली, की जमीन किंवा लागवडीची रीत कोठेतरी चुकली आहे, हे ती दाखविते, असा त्यांचा विचार होता. गोरा अधिकारी येऊन रयतेच्या अडाणीपणावर व्याख्यान देतो, अशी वहिवाट असण्याच्या काळात ही भूमिका फार वेगळी होती.

या कामात त्यांना बरोबरीची जोडीदारीण लाभली. १९०५ सालीच त्यांचा विवाह गॅब्रिएल मॅथेई या विदुषीशी झाला. या बाई केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या श्वसनावर आणि प्रकाशात त्या अन्न कसे तयार करतात यावर महत्त्वाचे संशोधन करून आल्या होत्या. पुढे सरकारनेही त्यांना अधिकाराची जागा दिली. नवराबायकोंच्या नावाने एकत्र निघालेले प्रबंध पाहिले, म्हणजे या संसारात दोन चुली नव्हत्या आणि दोन प्रयोगशाळाही नव्हत्या, हे ध्यानी येते. उन्हाळ्यात दोघे क्वेट्ट्यास जाऊन तिकडच्या फळबागांवर काम करीत.

पुशाच्या संस्थेत मात्र हॉवर्ड यांचे मन पुढे रमेना. तेथे एका पिकाचे अनेक तुकडे होत. बुरशी एका खात्याकडे, कीड दुसऱ्याकडे, माती तिसऱ्याकडे. पीक मात्र शेतात सबंधच उभे असते, तेव्हा त्याचा अभ्यासही सबंधच झाला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. तो पुरा करण्याची संधी इंदुरात आली. हिंदुस्थानच्या मध्यवर्ती कापूस समितीने पैसा दिला, होळकर दरबारने सुमारे ३०० एकर जमीन दिली, मध्य हिंदुस्थानातील इतर काही संस्थानांनी हातभार लावला आणि १९२४ साली वनस्पती-उद्योग संस्था उभी राहिली. हॉवर्ड तिचे संचालक झाले. शिवाय मध्य हिंदुस्थान व राजपुताना येथील संस्थानांचे शेतकी सल्लागार हे पदही त्यांच्याकडे होते.

येथेच खताची ती प्रसिद्ध रीत सिद्ध झाली. प्रश्न आपल्या माळव्याचा नेहमीचाच होता. काळ्या जमिनीस खत हवे आणि शेणाच्या तर गोवऱ्या थापल्या जातात. मग थोड्या शेणात पुष्कळ खत कसे करावे? चिनी शेतकरी शतकानुशतके काडीकचऱ्यापासून खत करीत आले आहेत, याचे वर्णन किंग या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या १९११ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हॉवर्ड यांनी वाचले होते. त्यास त्यांनी येथील गोठ्याची जोड दिली. तण, पाला, धसकटे, उसाचे पाचट असा सर्व प्रकारचा कचरा एकत्र करावयाचा. कपाशीच्या पऱ्हाट्या आणि तुरकाट्या कठीण, म्हणून त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घ्यावयाच्या. हा कचरा रात्री गुरांखाली अंथरावयाचा आणि सकाळी शेणासह उचलून खड्ड्यात थर देऊन घालावयाचा. त्यावर राख आणि गोठ्यातील मूत्र मुरलेली माती भुरभुरावयाची, पाणी शिंपडावयाचे आणि ठराविक अंतराने दोन-तीन वेळा ढीग उलथापालथा करावयाचा. खड्डा ३० फूट लांब व १४ फूट रुंद, पण खोली दोन-तीन फुटांचीच, कारण खोल गेले की हवा खेळत नाही. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते, म्हणून तेव्हा जमिनीवरच ढीग रचावयाचा. सुमारे तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत तयार होई.

यात जादू काही नाही. काडीकचरा कुजविणारे काम बुरशी आणि सूक्ष्म जंतू करतात. त्यांना नत्र लागते, ते शेणात आणि विशेषेकरून गुरांच्या मूत्रात असते. हवा आणि ओल लागते, ती ढीग चाळविल्याने व पाणी दिल्याने मिळते. आंबटपणा वाढू नये म्हणून राख. गोठ्यातले जे मूत्र आजवर जमिनीत मुरून वाया जात होते, त्यालाच या रीतीने कामास लाविले. संस्थेतील मजुरांकडेही साहेबांचे असेच लक्ष असे. मजुरी नेमल्या दिवशी हातात, कामाचे तास नेहमीपेक्षा कमी, राहण्यास जागा आणि दुखण्याखुपण्यास औषध, अशी व्यवस्था त्यांनी ठेविली आणि त्यामुळे काम अधिक होते, हे प्रसिद्धही केले.

१९३० साली गॅब्रिएलबाई निवर्तल्या. दुसऱ्या वर्षी हॉवर्ड नोकरी सोडून मायदेशी गेले. १९३१ सालीच इंदूरच्या प्रयोगांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि ही रीत चहा-कॉफीच्या मळ्यांपर्यंत दूरदूरच्या देशांत जाऊन पोहोचली. १९३४ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९३५ साली महात्मा गांधी हिंदी साहित्य संमेलनासाठी इंदुरास आले असता, त्यांनी या संस्थेत जाऊन खताचे काम मुद्दाम पाहिले. १९४० साली हॉवर्ड यांचा शेतीविषयक सुप्रसिद्ध ग्रंथ निघाला, तो त्यांनी दिवंगत पत्नीस अर्पण केला आहे. इंग्लंडात लेडी ईव्ह बाल्फोर, अमेरिकेत जे. आय. रोडेल यांनी ज्या सेंद्रिय शेतीचा पुरस्कार केला, तिचे एक मूळ येथे आपल्या गावात आहे. १९४७ च्या ऑक्टोबरात हॉवर्ड वारले.

त्यांचे सर्वच म्हणणे कसोटीस उतरले असे नाही. उतारवयात ते फार आग्रही झाले. उत्तम चाऱ्यावर पोसलेले आपले बैल लाळखुरकताच्या जनावरांच्या नाकास नाक लावूनही आजारी पडले नाहीत, यावरून त्यांनी जे व्यापक सिद्धांत काढले, ते शास्त्रज्ञांस पटले नाहीत. बुळकांड्याचा रोग २०११ साली पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, त्यात लसीचा वाटा मोठा, नुसत्या चाऱ्याचा नव्हे. खताच्या रीतीतही मेहनत आणि पाणी पुष्कळ लागे, ते गरीब शेतकऱ्यास नेहमीच परवडण्यासारखे नव्हते. तरीही मातीतून जे घेतले ते मातीस परत केले पाहिजे, हा त्यांचा मूळ आग्रह आज कोणीही शास्त्रज्ञ टाकाऊ म्हणणार नाही.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९३१ च्या त्या ग्रंथावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने दुसरे नाव छापलेले आहे, यशवंत वाड. संस्थेतील रसायनाचे काम हे गृहस्थ पाहात. कोणत्या थरात किती नत्र राहिले, किती उडून गेले, हे मोजल्यावाचून ती पद्धती शास्त्र झाली नसती, अंदाजच राहिली असती. साहेबांनी आपल्या सहकाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर घातले, हा त्यांचा मोठेपणा. परंतु पुढे लिहिणाऱ्यांनी ते हळूहळू गाळले. मैफलीत मागे तंबोऱ्यावर बसलेल्याचे नाव कोणी विचारीत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. तथापि तंबोरा उतरला तर गवयाचे काय होते, हेही ठाऊक आहे. ज्या आवारात हे सारे घडले तेथे पुढे कृषी महाविद्यालय झाले. त्या बाजूने जाताना आपल्या मुलाबाळांस हॉवर्ड साहेबांची गोष्ट अवश्य सांगावी. मात्र सांगताना गॅब्रिएलबाई आणि यशवंतराव वाड ही दोन नावे विसरू नयेत.