नाना शंकरशेट आणि नव्या शब्दांच्या अर्थाचा प्रश्न

जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचे नाव मुंबईच्या उभारणीशी जोडले गेले आहे. मराठी भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यांच्या चरित्रातील एक निराळा प्रश्न अधिक महत्त्वाचा वाटतो. नवे ज्ञान घेऊन येणारा नवा शब्द विद्यार्थ्याच्या मनात रुजतो कसा, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत टिपणात नानांच्या जीवनाचा विचार या अंगाने केला आहे.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराणे मुर्कुटे; वडिलांचा व्यापार मुंबईत. इंग्रजीचे शिक्षण त्यांना घरीच मिळाले. १८२२ मध्ये पित्याच्या निधनानंतर ऐन तारुण्यातच त्यांच्यावर पेढीचा भार आला. त्याच वर्षी मुंबईत देशी शाळा व शालेय पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. एल्फिन्स्टनच्या प्रोत्साहनाने वाढलेल्या या संस्थेचे नाना पुढे एक आधारस्तंभ बनले.

या मंडळीपुढील अडचण केवळ पुस्तकांच्या तुटवड्याची नव्हती, तर शब्दांचीही होती. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी बोधपर गोष्टी मराठीत आणल्या. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शास्त्र्यांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके सिद्ध केली. १८२९ मध्ये शास्त्रीमंडळाचा मराठी कोश आणि १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. मात्र कोश शब्दाचा अर्थ सांगतो. त्याचा उपयोग शिकविण्याचे काम शाळेलाच करावे लागते. क्षेत्रफळ हा शब्द उदाहरणादाखल घेता येईल. त्याची व्याख्या पाठ करणाऱ्या मुलाला केवळ शब्द मिळतो. भाताच्या खाचराची लांबी-रुंदी मोजून जो त्या शब्दापर्यंत येतो, त्याला त्याचा अर्थ मिळतो. ज्ञात वस्तूचा आधार नसेल, तर नवा शब्द ओझे होऊन राहतो.

नानांनी घेतलेल्या भूमिकेचे मर्म या दृष्टीने स्पष्ट होते. १८४० मध्ये स्थापन झालेल्या शिक्षण मंडळाचे ते सदस्य होते. पुढे मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांनी इंग्रजी शिक्षणाला अग्रक्रम द्यावा असा आग्रह धरला. १८४७ मध्ये हा वाद विकोपास गेला. जर्व्हिस आणि नाना यांच्यासह मंडळाचे देशी सदस्य एका बाजूस उभे राहिले. नाना इंग्रजीचे विरोधक नव्हते. एल्फिन्स्टन संस्थेच्या उभारणीत त्यांचा वाटा मोठा होता. परंतु बहुजनसमाजापर्यंत ज्ञान पोचवावयाचे तर ते त्याच्याच भाषेतून पोचविले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. सरकारने अखेरीस मध्यममार्ग पत्करला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानेही जनसामान्यांच्या शिक्षणासाठी देशी भाषांचे स्थान मान्य केले.

शाळेबाहेरही शब्द शिकले जात होते. नाना ज्या रेल्वेच्या उभारणीत अग्रभागी होते, तिची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यापर्यंत धावली. पुढे हा मार्ग शहापूर तालुक्यात शिरला. १८५५ मध्ये वाशिंद आणि १८६१ मध्ये कसारा येथे गाडी पोचली. स्टेशन, तिकीट यांसारखे शब्द कोणी व्याख्या देऊन शिकविले नाहीत. वस्तू समोर आली, व्यवहार घडला आणि शब्द जिभेवर बसला. आगगाडी हा मराठी घडणीचा शब्दही त्याच अनुभवातून रूढ झाला. शब्द परका की घरचा, यापेक्षा तो वापरात येतो की नाही, हे अधिक निर्णायक ठरले.

३१ जुलै १८६५ रोजी नानांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेली संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या विद्यार्थ्यांत पुढे अनेक पिढ्या प्रतिष्ठेची मानली गेली.

नानांच्या भूमिकेची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्या वादात मराठी ही एकसंध स्वभाषा म्हणून गृहीत धरली गेली. वस्तुतः मुरबाड-शहापूरच्या परिसरात कुणबी, आगरी, ठाकूर, कातकरी अशा अनेक समाजांच्या बोली नांदतात. पुण्या-मुंबईच्या शास्त्र्यांनी घडविलेली ग्रंथभाषा ठाकूर वा कातकरी मुलाला इंग्रजीइतकी परकी नसली, तरी ती त्याच्या घरची भाषाही नव्हती. इंग्रजीविरुद्ध मराठीच्या बाजूने केलेला युक्तिवाद प्रमाण मराठीसमोर बोलीच्या बाजूनेही तितकाच लागू पडतो. तो तिथवर नेला गेला नाही एवढेच.

म्हणूनच नानांच्या जन्मभूमीतील शिक्षकापुढे हा प्रश्न आजही उभा आहे. पाठ्यपुस्तकातील नव्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या पुस्तकी शब्दाने सांगावा, की मुलाच्या बोलीतील शब्दावरून त्याला तिथवर न्यावे? नानांचा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला, तर त्याचे उत्तर दुसऱ्या मार्गाकडे निर्देश करते.