विश्लेषण : एक खोली २३ अंशांवर, दुसरी ३६ वर! मातीच्या भिंतीची ताकद मोजून दाखवणारे हसन फाथी कोण होते?

उन्हाळा सुरू झाला की वरच्या मजल्यावरचा फ्लॅट भट्टीसारखा तापतो. उपाय एकच सुचतो, एसी. पण घर इतके तापते कशाने, हा प्रश्न इजिप्तचे वास्तुविशारद हसन फाथी यांनी आयुष्यभर विचारला. उत्तरासाठी त्यांनी थर्मामीटरचे आकडेही समोर ठेवले.

कोण होते हसन फाथी?

फाथी यांचा जन्म १९०० मध्ये अलेक्झांड्रियातील जमीनदार कुटुंबात झाला. १९२६ मध्ये त्यांनी कैरोत वास्तुकलेची पदवी घेतली. त्या काळातील शिक्षण युरोपीय पद्धतीचे होते. काँक्रीट, काच आणि सपाट स्लॅब म्हणजे आधुनिकता, असे समीकरण रूढ होत होते. इजिप्तच्या खेड्यांतला शेतकरी मात्र मातीच्या घरात राहत होता, आणि असे घर म्हणजे गरिबीची खूण मानली जाई.

मातीकडे कसे वळले?

दुसऱ्या महायुद्धात लाकूड आणि पोलाद मिळेनासे झाले. कच्च्या विटांच्या भिंती उभारता येत होत्या, पण छप्पर कशाचे घालायचे? फाथी यांनी मातीच्या विटांच्या कमानी बांधून पाहिल्या आणि त्या कोसळल्या. नुबियातील गवंडी सेंट्रिंगशिवाय अशी छपरे घालतात, हे त्यांना भावाकडून कळले. १९४१ मध्ये ते अस्वानला गेले आणि तिथल्या गवंड्यांचे काम पाहिले. हे गवंडी पहिला थर मागच्या भिंतीला तिरका टेकवत आणि पुढचा प्रत्येक थर आधीच्या थरावर रेलून रचत. त्यामुळे लाकडी आधार लागतच नसे. पदवीधर वास्तुविशारदाला न जमलेले काम गावातल्या गवंड्यांना पिढ्यान्‌पिढ्या येत होते.

गुर्नाचा प्रकल्प का फसला?

लक्झरसमोर, नाईलच्या पश्चिम तीरावर गुर्ना हे गाव प्राचीन थडग्यांवरच वसले होते. पुरातन वस्तूंची चोरी थांबवण्यासाठी सुमारे ७ हजार रहिवाशांना हलवायचे ठरले. १९४५ मध्ये नव्या गावाचे काम फाथी यांच्याकडे आले. त्यांनी मातीची घरे, अंगणे, मशीद, बाजार, शाळा आणि नाट्यगृह आखले. पण गावाचा एक भागच पूर्ण झाला. सरकारी दिरंगाई होती आणि गावकऱ्यांचाही विरोध होता. थडग्यांच्या आसऱ्याने चालणारी कमाई सोडून जायला बहुतेक कुटुंबे तयार नव्हती. घर थंड असले तरी तिथे पोट भरणार नसेल तर माणूस तिथे जात नाही, हा धडा फाथी यांना महागात पडला. पुढे काही वर्षे ते अथेन्सला जाऊन राहिले.

विजेशिवाय गारवा कसा?

फाथी यांच्या घरांत तीन गोष्टी कायम दिसतात. पहिली म्हणजे जाड भिंत. दिवसभराची उष्णता ती स्वतःत साठवते, त्यामुळे ती आत पोहोचेपर्यंत रात्र होते. दुसरी मलकफ, म्हणजे वाऱ्याच्या दिशेला तोंड असलेला उंच झरोका. उंचावरची कमी धुळीची हवा तो खाली ओढतो. वाटेत पाण्याचे माठ ठेवले की ती आणखी गार होते. तिसरी अंगण, जे रात्री गार हवा धरून ठेवते. आपल्याकडच्या वाड्यातला चौकही असेच काम करतो.

१९६४ च्या प्रयोगात काय दिसले?

कैरोच्या इमारत संशोधन केंद्राच्या आवारात १९६४ मध्ये प्रायोगिक इमारती उभारल्या गेल्या. त्यातील एका खोलीच्या भिंती आणि छत ५० सेंटीमीटर जाडीच्या कच्च्या विटांचे होते. दुसरी १० सेंटीमीटर जाडीच्या तयार काँक्रीट पॅनेलची होती. मातीच्या खोलीचे तापमान २४ तासांत २१ ते २३ अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेले नाही. काँक्रीटची खोली मात्र ३६ अंशांवर पोहोचली. हे तापमान बाहेरच्या कमाल तापमानापेक्षाही ९ अंशांनी जास्त होते. म्हणजे त्या घरापेक्षा रस्ता बरा! या फरकात मातीइतकाच जाडीचाही वाटा होता, हे लक्षात घ्यायला हवे. तरी आकडे समोर असूनही काँक्रीटची लाट थांबली नाही. खारगा मरूद्यानातील त्यांचे नवे बारिस हे गावही १९६७ च्या युद्धामुळे अर्धवट राहिले.

मान्यता मिळाली ती उशिरा आणि बाहेरून. गुर्नाची कहाणी सांगणारे त्यांचे पुस्तक १९७३ मध्ये शिकागो विद्यापीठाने प्रकाशित केले आणि ते जगभर वाचले गेले. १९८० मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार आणि आगा खान वास्तुकला पुरस्कारांतर्गत अध्यक्षांचा विशेष पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये कैरोत त्यांचे निधन झाले.

आजच्या नियमांशी काय संबंध?

भारतात निवासी इमारतींसाठी २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आली. भिंती आणि खिडक्यांतून घरात किती उष्णता शिरावी, याची मर्यादा ती घालते. व्यावसायिक इमारतींच्या २०१७ च्या ऊर्जा संहितेत तीन पायऱ्या आहेत. नियम पाळणाऱ्या इमारतीने किमान २५ टक्के ऊर्जा वाचवणे अपेक्षित आहे. त्यापुढील ‘प्लस’ आणि ‘सुपर’ पायऱ्यांवर ही बचत ३५ आणि ५० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे नियम पाळणे ही फक्त पहिली पायरी आहे.

वीस मजली टॉवर मातीचा बांधता येणार नाही. पण फाथी यांची कसोटी टॉवरलाही लागू पडते. घराचा हिशेब कागदावरच्या मंजुरीने नव्हे, तर भर दुपारी आतल्या तापमानाने करायचा. फ्लॅट घेताना टाइल्स आणि लिफ्टसोबत पश्चिमेची भिंत, छताचे उष्णतारोधन आणि खिडकीवरचा छज्जाही विचारायला हवा. एकदा घर उभे राहिले की त्यातली चूक दर महिन्याच्या वीजबिलात भरावी लागते.