तंजावरची मराठी नाचवणारा मालवणी माणूस

आमच्या मसुऱ्यात दशावताराला रात्रभर जागणारे घरोघरी सापडतील. पण आचार्य पार्वतीकुमार हे नाव किती जणांना माहीत आहे? १९२१ साली याच मालवण तालुक्यात जन्मलेला हा माणूस मुंबईत भरतनाट्यम् शिकला, बॅले बसवू लागला. नाच म्हणजे पुरुषाचं काम नाही, असं मानणाऱ्या त्या काळात!

पुढे तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या मराठी नृत्यरचना त्यांच्या हाती आल्या. शब्द कागदावर होते, नाच मात्र विसरला गेलेला. वर्षानुवर्षं खपून त्यांनी तो पुन्हा रंगमंचावर उभा केला. १९८१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार मिळाला. २०१२ मध्ये ते गेले.

भरतनाट्यम् तमिळांचं, असं आपण सहज म्हणतो. त्यात आपली मराठीही आहे, हे त्यांनी नाचातून दाखवून दिलं!