Vince Lombardi : १२ पैकी १ सामना जिंकणाऱ्या संघाला पाच विजेतेपदं देणारे विन्स लोम्बार्डी कोण होते?

अमेरिकन फुटबॉलमधील सुपर बाऊल जिंकणाऱ्या संघाला मिळणाऱ्या चांदीच्या करंडकाचं नाव आहे 'लोम्बार्डी ट्रॉफी'. ज्यांच्यावरून हे नाव पडलं, त्या विन्स लोम्बार्डींना व्यावसायिक संघाचं मुख्य प्रशिक्षकपद मिळालं वयाच्या ४५ व्या वर्षी.

१९१३ मध्ये ब्रुकलिनमध्ये जन्मलेले लोम्बार्डी आधी न्यू जर्सीतील शाळेत फुटबॉलसोबत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि लॅटिन शिकवायचे. पुढे ते वेस्ट पॉइंट लष्करी अकादमी आणि न्यूयॉर्क जायंट्समध्ये सहायक प्रशिक्षक झाले.

१९५९ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने त्यांना बोलावलं. आदल्या मोसमात या संघाने १२ पैकी एकच सामना जिंकला होता. लोम्बार्डींनी 'पॉवर स्वीप' ही साधी चाल खेळाडूंकडून रोज घोटून घेतली. यात दोन गार्ड पुढे धावत चेंडू नेणाऱ्याला कडेने वाट करून देतात. प्रतिस्पर्ध्यांना ही चाल ठाऊक असायची, तरी ती रोखणं कठीण जायचं.

पहिल्याच मोसमात ७ विजय मिळाले. १९६१ ते १९६७ या सात मोसमांत संघ पाच वेळा विजेता ठरला. पहिले दोन्ही सुपर बाऊलही पॅकर्सनेच जिंकले. ज्या बारमध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना मज्जाव, तिथे संघातल्या कुणीच जायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

१९६९ मध्ये ते वॉशिंग्टन संघाकडे गेले. १४ वर्षांनी त्या संघाचे विजय पराभवांपेक्षा जास्त झाले. पण दुसऱ्या मोसमाआधीच, ३ सप्टेंबर १९७० रोजी, आतड्याच्या कर्करोगाने त्यांचं निधन झालं. वय होतं ५७. त्यानंतर काही महिन्यांतच करंडकाला त्यांचं नाव मिळालं.